गच्चीवर परका डोळा

2024 च्या पावसाळ्यात जालना जिल्ह्यातल्या अंतरवाली सराटीत मराठा आरक्षण आंदोलनाचे नेते मनोज जरांगे यांच्या मुक्कामावर रात्री ड्रोन फिरल्याची तक्रार झाली. विषय विधिमंडळात गेला. मराठवाड्यातली कितीतरी गावे तेव्हा आभाळाकडे बघत जागली. संभाजीनगरात, गुलमंडीच्या दाटीत, गच्चीला गच्ची लागून आहे. तिथे कुरडया वाळतात, उन्हाळ्यात अंथरुणे पडतात. वर कॅमेरा भिरभिरला तर दाद कुठे मागायची? खासगीपणा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी 24 ऑगस्ट 2017 रोजी एकमताने सांगितले. 2021 च्या ड्रोन नियमांनी उड्डाणाच्या परवानगीनुसार आकाशाचे हिरवे, पिवळे, लाल पट्टे आखले. खालच्या माणसाची संमती मात्र विचारली नाही. 250 ग्रॅमपर्यंतच्या ड्रोनला चालकाचा परवानाही लागत नाही. केंद्राने संमतीची ही उणीव भरावी. तोवर पोलिसांनी अशी प्रत्येक तक्रार नोंदवून घ्यावी.