एका सेकंदासाठी हायवे दोन तास बंद! सावली पकडून अंतराळातले दगड कसे मोजतात?

17 जुलै 2017. मध्यरात्र नुकतीच उलटली होती. दक्षिण अर्जेंटिनात, कोमोदोरो रिवादाविया शहराच्या परिसरात एक राष्ट्रीय महामार्ग दोन तास बंद ठेवला होता, कारण हेडलाइटचा उजेड नको होता. रस्त्यावरचे दिवे विझवले होते. वाऱ्याने दुर्बिणी हलू नयेत म्हणून ट्रक आडवे लावले होते. हे सगळं कशासाठी? एक तारा जेमतेम सेकंदभर दिसेनासा होणार होता, तो क्षण पकडण्यासाठी.

तारा विझतो म्हणजे काय होतं?

चंद्र कधी कधी रोहिणी ताऱ्याला झाकतो. याला ‘पिधान’ म्हणतात. त्या रात्री तारा झाकणार होता ‘अ‍ॅरोकॉथ’ हा नेपच्यूनच्या पलीकडचा दगड, आपल्यापासून साधारण 650 कोटी किलोमीटर दूर. नासाचं न्यू होरायझन्स यान दीड वर्षाने त्याच्याजवळून जाणार होतं, पण हबल दुर्बिणीतूनही तो फक्त एक ठिपका दिसत होता.

ताऱ्याचे किरण इतक्या लांबून येतात की जवळपास समांतरच असतात. त्यामुळे पृथ्वीवर पडणारी सावलीही जवळपास त्या दगडाएवढीच असते. वेगवेगळ्या ठिकाणच्या दुर्बिणींना तारा वेगवेगळा वेळ गायब दिसतो. त्या वेळा जोडल्या की दगडाचा आकार तयार!

अवघड काय आहे?

नेम. एका अंशाचे 36 लाख भाग करा. त्यातल्या एका भागाची चूक झाली, तरी अ‍ॅरोकॉथची सावली जमिनीवर 30 किलोमीटर सरकते. आणि तो दगडच मुळात 36 किलोमीटर लांब!

3 जून 2017 ला दक्षिण आफ्रिका आणि अर्जेंटिनात पथकं सज्ज होती, पण सावली कुणालाच सापडली नाही. मग हबलने पुन्हा मोजमापं घेतली. ताऱ्यांची अचूक जागा मोजणाऱ्या युरोपच्या ‘गाया’ दुर्बिणीचा तोवर प्रसिद्ध न झालेला डेटाही मदतीला आला. जुलैमध्ये 24 पैकी 5 दुर्बिणींनी सावली पकडली. दगड खूप लांबट असावा किंवा दोन गोळे चिकटलेले असावेत, असा अंदाज निघाला. 1 जानेवारी 2019 ला यान पोहोचलं आणि फोटोत दिसले दोन चिकटलेले गोळे.

मग आता काय बदलतंय?

27 मार्च 2025 ला ‘गाया’ कायमची बंद झाली. तिच्या नोंदींचा पुढचा मोठा संच डिसेंबर 2026 मध्ये येणं अपेक्षित आहे. पण तारेही हळूहळू सरकतात. नवी मोजणी झाली नाही, तर जसजशी वर्षं जातील तसतशी त्यांच्या जागेतली चूक वाढत जाणार.

दुसरीकडे, चिलीतल्या रुबिन वेधशाळेने जून 2025 मध्ये पहिले फोटो दाखवले. नेपच्यूनपलीकडचे सुमारे 40 हजार दगड ती शोधेल, असा अंदाज आहे. म्हणजे झाकणारे दगड भरपूर मिळतील. कमी पडतील ती सावलीखाली उभी राहणारी माणसं. सावली काही मोठ्या वेधशाळेचा पत्ता विचारून येत नाही! म्हणून इथे एका महागड्या दुर्बिणीपेक्षा ठिकठिकाणी विखुरलेल्या छोट्या दुर्बिणी जास्त कामाच्या ठरतात.

फोनवर जमेल का?

इतके अंधुक तारे टिपणं नुसत्या फोनचं काम नाही. दुर्बीण आणि संवेदनशील कॅमेरा लागतोच. खरी मेख मात्र घड्याळात आहे. सावली सेकंदाला 20-25 किलोमीटर पळते. फोनचं घड्याळ अर्धा सेकंद जरी चुकलं, तरी मोजमाप दहा-बारा किलोमीटरने चुकतं. म्हणून व्हिडिओच्या प्रत्येक फ्रेमवर जीपीएसची वेळ छापतात.

सुरुवात करायची असेल तर ‘ऑकल्ट वॉचर’ हे मोफत सॉफ्टवेअर बघा. आपल्या ठिकाणाजवळून कुठली सावली कधी जाणार, ते त्यात कळतं. आधी जवळच्या लघुग्रहांवर हात बसवा आणि जमलं तर अनुभवी निरीक्षकांसोबत जा.

आणि तारा विझलाच नाही तर? तीही नोंद पाठवा. अर्जेंटिनात 19 दुर्बिणींना सावली मिळाली नाही. पण दगड कुठे संपतो, हे अशाच नोंदींवरून कळतं.