गलोल दिसते, भट्टी दिसत नाही



डोळखांबकडे कोणाचं फार्महाऊस झालं की आमच्या मंडळात एक विषय हमखास निघतो. "तिकडचे कातकरी गलोलीनं पाखरं मारतात हो! होला, लावा, तितर, काही सोडत नाहीत. वनखात्याला पत्र द्यायला हवं." सगळ्या हळहळतात.

पाखराचा जीव तो जीवच. भूक लागली म्हणून हिंसेची अहिंसा होत नाही, आणि त्याचं अनुमोदन मी करणार नाही. 1972 च्या कायद्यानं शिकार गुन्हा आहे. 2006 च्या वनहक्क कायद्यानं आदिवासींना जंगलावरचे हक्क दिले, त्यातूनही शिकार वगळली. बरंच केलं.

पण तीन वर्षांपर्यंतची कैद कोणाच्या झोपडीत पाठवताय, ते तरी बघा. कातकरी म्हणजे खैराचा कात काढणारे. इंग्रजांनी जंगलं राखीव केली आणि तो धंदा गेला. बहुतेकांना जमीन नाही. दिवाळीनंतर घरंच्या घरं उचल घेऊन वीटभट्टीवर जातात, पोरांची शाळा तिथंच सुटते. पाऊस लागला की भट्टी बंद, मजुरी बंद. मग खेकडा, मासा, पाखरू.

आता आपलं बघू. प्रतिक्रमणात आपण पंधरा कर्मादानं म्हणतो, श्रावकाला वर्ज्य असलेले धंदे. पहिलंच अंगारकर्म. हेमचंद्राचार्यांनी योगशास्त्रात विटा भाजणंही त्यात धरलंय. दुसरं वनकर्म, म्हणजे झाडं तोडणं. एक झाड पडलं की किती घरटी जातात, ते कोणी मोजत नाही. आणि दोष नुसता करण्यात नाही, करवण्यात आणि अनुमोदण्यातही आहे. मग फार्महाऊसच्या वास्तूला जेवायला बसताना ही वीट कुठल्या भट्टीची, कोणाच्या उचलीची, असं आपल्यापैकी कोणी विचारलं? आपण विचारतो ते एवढंच, की भाजीत कांदा-लसूण नाही ना!

2025 साली दादरच्या कबुतरखान्यासाठी आपला समाज रस्त्यावर उतरला. कबुतराच्या दाण्याची एवढी काळजी असेल, तर डोळखांबच्या पाड्यांवर पावसाळ्याचे चार महिने तांदूळ-डाळ पोचवणं जड जाऊ नये. "जीवदयेचा पैसा माणसांना चालत नाही," असं ट्रस्टी म्हणतील. मान्य. मी कॉमर्सची, खात्यांची गल्लत मलाही खपत नाही. अनुकंपेचं खातं वेगळं आहे ना? त्यातून द्या.

वनखात्याचं पत्र त्यानंतर लिहायला घ्या. मी सही करते.