मला न आवडणाऱ्या कार्यक्रमांच्या बाजूने

आकाशवाणीवर दिवसभरात जे काही लागतं, त्यातलं निम्म्याहून जास्त मला आवडत नाही. सकाळचं चिंतन मला उपदेशाचा डोस वाटतं. कीर्तन मी अर्ध्यात सोडतो. आरोग्याच्या मुलाखतीत प्रश्न विचारणारा आणि उत्तर देणारा दोघंही कागदावरचं वाचतायत, हे दुसऱ्या वाक्याला कळतं. तरीही हा लेख त्या सगळ्या कार्यक्रमांच्या बाजूने आहे. ते टिकले पाहिजेत, आणि मुंबईहून न येता सातारा-सांगलीसारख्या केंद्रांवरच तयार झाले पाहिजेत.

या म्हणण्याच्या विरोधात दोन गट आहेत. एक माझ्याच वयाचा. तो म्हणतो, "रेडिओ कोण ऐकतं रे आता? सगळं फोनवर आहे." दुसरा सरकारी कचेरीत बसतो. तो म्हणतो, "इतकी केंद्रं कशाला? एका ठिकाणी कार्यक्रम करा, बाकीच्यांनी तो पुढे ढकलावा." दोघं एकमेकांना ओळखत नाहीत, पण दोघांचा परिणाम एकच होतो.

आधी आपल्या गटाकडे बघू. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. तुम्हाला पुढचं गाणं सुचवणारी यंत्रणा कशी चालते, हे मला ढोबळमानाने माहीत आहे. तुम्ही काय पूर्ण ऐकलंत, काय दहाव्या सेकंदाला बदललंत, कुठे थांबलात याची ती नोंद ठेवते. तुमच्यासारखं वागणाऱ्या लोकांशी ती नोंद ताडून बघते आणि तुम्ही जे बदलणार नाही असं वाटतं, ते पुढे करते. तिला प्रामुख्याने एकच आकडा वाढवायचा असतो : तुम्ही ॲपवर किती वेळ थांबलात. यात कसलाही कट नाही, साधं गणित आहे. पण या गणिताला तुमचा कालचा दिवस माहीत असतो, तुमचा शेजारी माहीत नसतो.

"पण तिथे कोट्यवधी गाणी आहेत, हजारो पॉडकास्ट आहेत, विविधता तर तिथेच आहे," असं कुणी म्हणेल. गोदामात विविधता आहे, मान्य. ती तुमच्या कानापर्यंत येते का, हा प्रश्न आहे. दुकानात हजार वस्तू असल्या आणि दुकानदार रोज तुमच्या हातात तोच बिस्किटाचा पुडा ठेवत असला, तर त्या हजार वस्तूंचा तुम्हाला उपयोग काय?

रेडिओवर घड्याळ असतं, पुढे ढकलायचं बटण नसतं. आमच्या मेढ्याच्या घरी स्वयंपाकघराच्या फडताळावर रेडिओ असायचा. आजी तो लावायची बातम्या आणि बाजारभावासाठी. मध्येच बंद कोण करणार, म्हणून तो चालूच राहायचा, आणि या दोन गोष्टींच्या मधल्या वेळात शास्त्रीय गायन लागायचं. राग कुठला हे तिला कधीच सांगता आलं नसतं. पण भीमसेन जोशी गातायत की आणखी कुणी, हे ती पहिल्याच आलापाला सांगायची. जावळी खोऱ्यातल्या एका शेतकरी बाईला हे कुणी 'सुचवलं' नसतं. तिच्या आवडीनिवडीच्या नोंदीत ते बसलंच नसतं.

याची दुसरी बाजू जास्त महत्त्वाची आहे. शेतीचा कार्यक्रम चुकून कानावर पडलेल्या मुलाला 'करपा' म्हणजे भातावरचा रोग, हे कळतं. कामगारांच्या कार्यक्रमाने मुंबईत माथाडीचं काम करायला गेलेल्या जावळीच्या माणसाला तो एकटा नाही, हे कळायचं. सैनिकांसाठीचा 'जयमाला' आपशिंग्यासारख्या घरोघरी फौजी असलेल्या गावात ऐकला जातो, तसाच तो ज्यांच्या घरात कुणी फौजेत नाही तिथेही. एकाच वाहिनीवर सगळ्यांना आपापली वेळ मिळते आणि बाकीच्यांना ती ऐकावी लागते. लोकशाही म्हणतात ती थोडीफार अशीच असते.

आता एक आक्षेप खरा आहे. लोकांनी काय ऐकावं हे ठरवणारे तुम्ही कोण? हा प्रश्न आकाशवाणीला एकदा चांगलाच महागात पडला आहे. 1952 मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे मराठी गृहस्थ माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले. त्यांना हिंदी चित्रपटगीतं हलकी वाटत. आकाशवाणीवरून ती जवळजवळ हद्दपार झाली. श्रोत्यांनी मंत्र्यांशी वाद घातला नाही. त्यांनी सुई फिरवली आणि रेडिओ सिलोन लावला, अमीन सयानींची 'बिनाका गीतमाला' ऐकली. शेवटी 3 ऑक्टोबर 1957 रोजी आकाशवाणीला 'विविध भारती' सुरू करावी लागली. म्हणजे एका मंत्र्याची आवड देशावर लादणं हीसुद्धा एकसुरी प्लेलिस्टच. मी बाजू घेतोय ती मंत्र्याच्या अंगठ्याचीही नाही आणि माझ्या अंगठ्याचीही नाही. मला असं वेळापत्रक हवं आहे, ज्यात दोघांनाही थोडं गप्प बसावं लागतं.

असं वेळापत्रक दिल्लीत बसून होत नाही, मुंबईत बसूनही होत नाही. इथे दुसऱ्या गटाचा हिशेब येतो. छोट्या केंद्रांनी स्वतःचे तास कमी करावेत आणि मोठ्या केंद्राचे कार्यक्रम सहक्षेपित करावेत, असा हा विचार. कागदावर तो मलाही पटतो. सॉफ्टवेअरमध्ये आम्ही तेच करतो : एकदा लिहा, सगळीकडे वापरा. पण जे सगळीकडे सारखं असतं, तेच एकदा लिहून भागतं. आमचा जिल्हाच बघा. पश्चिमेला मेढा, महाबळेश्वर, पाटण इथे पाऊस थांबायचं नाव घेत नाही म्हणून लावणी खोळंबते. पूर्वेला माण-खटावमध्ये पाऊस यायचं नाव घेत नाही म्हणून पेरणी. एकाच जिल्ह्याला एक सल्ला पुरत नाही, तिथे राज्याला कसा पुरेल?

इतिहासाचा दाखला हवा असेल तर पुण्याचा घ्या. आकाशवाणीचं पुणे केंद्र सुरू झालं 2 ऑक्टोबर 1953 ला. मुंबईचं केंद्र त्याआधी कितीतरी वर्षं चालू होतं. पुण्याने फक्त मुंबईचं सहक्षेपण करायचं ठरवलं असतं, तर पैसे वाचले असते. त्याऐवजी काय झालं? 1 एप्रिल 1955 ला 'गीतरामायण' सुरू झालं. सीताकांत लाड यांची कल्पना, गदिमांचे शब्द, सुधीर फडके यांचं संगीत, वर्षभर चाललेली 56 गीतं. त्याच 1955 च्या सुमारास गदिमांचे धाकटे बंधू व्यंकटेश माडगूळकर त्याच केंद्रावर ग्रामीण कार्यक्रमांसाठी रुजू झाले. माणदेशातली दोन माणसं, एक नवंकोरं केंद्र.

आणि 1956 मध्ये याच पुणे केंद्राने युनेस्कोच्या मदतीने एक प्रयोग केला, ज्याची आज फारशी कुणाला आठवण नाही. पुणे, अहमदनगर, नाशिक, कोल्हापूर आणि तेव्हाचा उत्तर सातारा अशा पाच जिल्ह्यांतली 150 गावं निवडली. गावात शेतकऱ्यांचं मंडळ करायचं. त्यांनी आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम एकत्र ऐकायचा, त्यावर चर्चा करायची आणि आपले प्रश्न केंद्राला कळवायचे. त्या प्रश्नांची उत्तरं पुन्हा रेडिओवरून यायची. टाटा समाजविज्ञान संस्थेने त्याचा अभ्यास केला. मंडळं असलेल्या गावांत लोकांची माहिती इतर गावांपेक्षा स्पष्टपणे वाढलेली दिसली. 1959 मध्ये ही योजना देशभर नेली गेली. इंटरनेट यायच्या कितीतरी आधी आमच्या जिल्ह्यातला शेतकरी नुसता श्रोता नव्हता, तो उलट प्रश्न विचारत होता. आज आपण ज्याला 'इंटरॅक्टिव्ह' म्हणून मिरवतो ते याहून फार पुढे गेलंय, असं मला वाटत नाही.

ही तिन्ही कामं एका केंद्राने, जेमतेम तीन वर्षांत केली. सहक्षेपणाने यातलं एकही झालं नसतं.

उलट आता दिशा कुठली आहे? देशभर रात्री ऐकू येणाऱ्या राष्ट्रीय वाहिनीचा मोठा ट्रान्समीटर नागपूरला होता. खर्च कमी करण्याच्या नावाखाली ती वाहिनी बंद करण्याचा निर्णय डिसेंबर 2018 मध्ये झाला. जून 2023 मध्ये पुण्याचा प्रादेशिक वृत्त विभाग बंद करून बातमीपत्र छत्रपती संभाजीनगरहून द्यायचं ठरलं. ओरड झाली म्हणून स्थगिती मिळाली. ओरड पुण्यातून झाली म्हणून ऐकली गेली. साताऱ्याचे किंवा सांगलीचे चार तास उद्या गेले, तर कोण ओरडणार?

"बंद पडलं तर पडलं, खासगी एफएम आहेत की," हे उत्तर चालत नाही. आपल्या देशात खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या द्यायची परवानगीच नाही. द्यायच्या तर आकाशवाणीच्या, त्याही जशाच्या तशा. रेडिओवरच्या बातम्यांची मक्तेदारी सरकारने आकाशवाणीला दिली आहे. मग त्या मक्तेदारीत स्थानिक आवाज कमी करणं म्हणजे तो आवाज रेडिओवरून पुसणंच. शिवाय खासगी वाहिन्या जाहिराती मिळतील अशा शहरांत जातात. मेढ्यात त्या कशाला येतील?

शिवाय 1990 चा प्रसार भारती कायदा आहे. त्याच्या 12 व्या कलमात या संस्थेची कामं लिहिली आहेत : प्रदेशांच्या भाषांना जागा देणं, शेती, ग्रामविकास, शिक्षण, आरोग्य यांच्याकडे विशेष लक्ष देणं, स्त्रिया, मुलं, वृद्ध, अपंग यांच्या गरजा बघणं. मला न आवडणाऱ्या कार्यक्रमांची ही यादीच आहे, आणि ती संसदेने केलेली आहे. विविधता ही आकाशवाणीची मेहेरबानी नाही, ते तिचं कायदेशीर काम आहे.

स्थानिक रेडिओ चालत नाही, हेही खरं नाही. आमच्याच जिल्ह्यात म्हसवडला 'माणदेशी तरंग वाहिनी' हा सामुदायिक रेडिओ 2008 पासून तिथल्या बोलीत तिथल्या लोकांशी बोलतो. एक छोटी संस्था जे करू शकते, ते देशाच्या प्रसारकाला जमू नये?

मोडतोडीच्या दिवसांचाही विचार करा. जुलै 2021 च्या पावसात पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगावसारख्या ठिकाणी दरडी कोसळल्या. असा पाऊस आला की खोऱ्यात आधी वीज जाते, मग मोबाइल टॉवरची बॅटरी संपते. पेन्सिल सेलवरचा रेडिओ मात्र चालतो. इथे तांत्रिक मुद्दाही आहे. एफएमच्या लहरी साधारण सरळ जातात, मध्ये डोंगर आला की खरखर सुरू होते. सांगली केंद्र 1963 पासून ज्या मध्यम लहरींवर ऐकू यायचं, त्या जमिनीलगत वळसे घेत लांब जातात. मध्यम लहरी जुनाट म्हणून मोडीत काढणाऱ्याने एकदा केळघर घाटात रेडिओ लावून बघावा. आणि अशा रात्री मुंबईहून सहक्षेपित होणारं भावगीत काय कामाचं? कुठला रस्ता बंद आहे, हे सांगणारा माणूस जवळच्या केंद्रात बसलेला हवा.

आकाशवाणी आज जशी आहे तशी छान आहे, असं मी म्हणत नाही. भाषा कडक इस्त्रीची. योजनेची माहिती कुठे संपते आणि स्तुती कुठे सुरू होते, ते कळत नाही. पण औषध कडू आहे म्हणून दवाखाना पाडत नाहीत.

म्हणून मागण्या. एक, प्रत्येक स्थानिक केंद्राने रोज किमान किती तास स्वतःचे कार्यक्रम करायचे, हे लिखित ठरवा आणि जाहीर करा. दोन, महिन्याला मोजक्या ड्युट्या मिळणाऱ्या नैमित्तिक उद्घोषकांवर केंद्रं चालवणं थांबवा; स्थानिक माणसं पुरेशा पगारावर नेमा. तीन, जुनं ध्वनिमुद्रण लोकांचं आहे. ते तारखेसह, नावासह, शोधता येईल असं खुलं करा. हे तांत्रिकदृष्ट्या अजिबात अवघड नाही, हे मी माझ्या धंद्याच्या जिवावर सांगतो. चार, प्रश्न विचारायची 1956 ची ती पद्धत परत आणा. आता तर प्रत्येकाच्या हातात फोन आहे.

आणि आपल्या गटाला एक काम. फोनमध्ये एफएम आहे का बघा. अनेक फोनमध्ये ते असूनही चालू केलेलं नसतं. 2023 मध्ये केंद्र सरकारलाच कंपन्यांना सांगावं लागलं की ते बंद ठेवू नका. वायरचा हेडफोन लावा, तोच अँटेना असतो. जवळचं केंद्र लावा आणि अर्धा तास काहीही बदलू नका. कंटाळा येईल. पण त्या अर्ध्या तासात जे तुमच्यासाठी नाही, ते कुणासाठी आहे याचा विचार करा. त्याला दुसरीकडे ते मिळणार नाही. आणि केंद्राला पत्र लिहा, आवडलं नसेल तर तसंही लिहा. ज्या केंद्राला श्रोत्यांच्या तक्रारी येतात, त्या केंद्राला श्रोते नाहीत असं कुणाला म्हणता येत नाही.