होडीला नाव तिचं, कागदावर त्याचं

गेल्या महिन्यात माझी भावजय घरी आली. पाचूबंदरला तिच्या अंगणात होडी बांधायची ठरली आहे. लाकडी, वल्ह्याची, खाडीपुरती. हल्ली लहान होड्या बहुतेक फायबरच्याच घेतात. पण जुन्या होडीचं चांगलं सागवान घरात पडून होतं आणि कारागीरही ओळखीचा मिळाला. भावजय आली होती ती मात्र सोन्यावरच्या कर्जाचे कागद घेऊन. "ताई, जरा वाचून सांगा, सही कुठं करू?"

मी विचारलं, "होडी कुणाच्या नावावर होणार?"

"आता हे काय विचारता? त्यांच्याच."

मैत्रिणींनो, तिच्या त्या 'त्यांच्याच'वरून हे लिहायला बसले आहे.

मी दहा-अकरा वर्षांची असताना आमच्या अंगणात अशीच होडी बांधली होती. आधी तळाचा कणा मांडला, मग पुढची नाळ उभी राहिली, मग आतल्या फासळ्या आणि त्यांवर एकेक फळी. सुतारकाकांकडे नकाशा नव्हता, सगळं माप डोळ्यांत. फळी विस्तवावर शेकत, पाणी मारत हळूहळू वाकवायची. घाई केली की तडकायची. शेवटी फटीफटीत तेलात भिजवलेला कापूस ठोकून बसवायचा, कारण होडी तरते ती त्या कापसावर.

तो कापूस वळला होता माझ्या आईनं, आजीनं आणि शेजारच्या दोघी काकूंनी. दुपारी बाजारातून पाटी रिकामी करून यायचं, स्वयंपाक करायचा, सुतारांना जेवू घालायचं आणि मग वाती वळत बसायचं. लाकडाचे पैसे आईच्या पाटल्यांतून आले. ती मोडायला गेली तेव्हा मी तिच्याबरोबर होते.

पण होडीला आम्ही हात लावायचा नाही! पाळीच्या दिवसांत तर अंगणाच्या त्या बाजूला फिरकायचंसुद्धा नाही. आमच्या हातचा कापूस चालत होता, आमच्या पाटल्या चालत होत्या, आमची सावली तेवढी चालत नव्हती. होडी पाण्यात उतरली तेव्हा नाळेवर आजीचं नाव रंगवलं होतं. सगळ्यांना केवढं कौतुक वाटलं! नोंदणीच्या कागदावर अर्थातच वडिलांचं नाव होतं. वडील गेल्यावर होडी भावाची झाली. आईला कुणी विचारलं नाही, आणि खरं सांगायचं तर आम्हा मुलींनाही तेव्हा ते खटकलं नाही.

वसई-आगाशीचा किनारा पोर्तुगीज येण्याआधीपासून जहाजबांधणीसाठी प्रसिद्ध होता. १५३४ साली वसई पोर्तुगीजांकडे गेली, १७३९ साली चिमाजी अप्पांनी ती जिंकली. या दोनशे वर्षांच्या इतिहासात राजे आहेत, कप्तान आहेत. त्या जहाजांसाठी बायांचे किती हात राबले असतील, त्याची नोंद शोधून पाहा. इतिहासाचं सोडा, आजच्या नोंदवहीत तरी काय आहे?

कोळणीबद्दल बाहेर मोठा गैरसमज आहे. आपल्या चळवळीतल्या मैत्रिणीही म्हणतात, "तुमचं बरं आहे, बाजार तुमच्या हातात, पैसा तुमच्या हातात." बाजारात आमचा आवाज मोठा आहे हे खरं. पण हातात पैसा असणं आणि नावावर मालमत्ता असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पैसा संध्याकाळपर्यंत डिझेल, बर्फ, जाळं, मुलांची फी यांत जातो. होडी राहते, आणि ती ज्याच्या नावावर त्याचीच.

कुणी म्हणेल, नवरा-बायकोत माझं-तुझं कशाला? संसार सुरळीत चालू असतो तोवर हे ठीक आहे. वाईट वेळ येते तेव्हा काय होतं, ते आमच्या वस्तीत मी पाहिलं आहे. एकीचा नवरा समुद्रात गेला तो परतलाच नाही. मृतदेह मिळाला नाही. नाहीशा झालेल्या माणसाचा मृत्यू गृहीत धरायला कायद्यानं सर्वसाधारणपणे सात वर्षं वाट पाहावी लागते. तोवर ही ना विधवा, ना सधवा. होडी त्याच्या नावावर, म्हणून तिला विकता येईना, तिच्यावर कर्ज मिळेना. दिरानं ती "सांभाळायला" नेली. सोनं हिचं गेलं होतं, पण सोन्यावर कुठे लिहिलेलं असतं की मी होडीत गेले म्हणून?

वारसाहक्काचे कायदे आहेत. हिंदू विधवेला १९५६च्या कायद्यानं वाटा आहे. ख्रिस्ती बहिणींना १९२५च्या कायद्यानं, मुलंबाळं असतील तर एक तृतीयांश. पण वारसाहक्क माणूस गेल्यावर जागा होतो. बाईला मालकी जिवंतपणी हवी आहे, आणि ती कुणाच्या मरणातून नको, स्वतःच्या कष्टातून हवी आहे.

हे अशक्य नाही. १९९०च्या सुमारास शेतकरी संघटनेनं 'लक्ष्मीमुक्ती'ची हाक दिली, तेव्हा गावोगावच्या शेतकऱ्यांनी जमिनीचा तुकडा बायकोच्या नावावर केला. शेतात हे होऊ शकतं, तर समुद्रावर का नाही?

इथे एक सावधगिरीही सांगायला हवी. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत सर्वसाधारण गटाला खर्चाच्या ४० टक्के, तर महिलांना ६० टक्के साहाय्य ठरलं. हेतू चांगलाच. पण अशा सवलतीतून नवीन पळवाट निघू शकते. अर्जावर बाईचं नाव, व्यवहार बाप्याचा. १९९३च्या घटनादुरुस्तीनंतर सरपंचबाई आल्या आणि त्यांच्या खुर्चीमागे 'सरपंचपती'ही आले, ते आपण विसरलेलो नाही. नुसतं नाव चढवून भागणार नाही. खातं तिचं हवं, हिशेब तिला कळायला हवा, आणि मच्छीमार सोसायटीत ती कुणाची बायको म्हणून नव्हे, स्वतः मासेमारीचं काम करणारी म्हणून सभासद हवी. जाळं विणणं, मासळी निवडणं, सुकवणं, विकणं हे जर मासेमारी नसेल, तर मासेमारी म्हणजे काय?

आमची मागणी साधी आहे. घराच्या पैशातून, बाईच्या दागिन्यातून जी होडी होईल, तिची नोंदणी दोघांच्या नावानं व्हावी. मच्छीमार संघटनांनी हा ठराव आपणहून करावा. आणि महिला गटांनी बायांना एवढं तरी जरूर सांगावं: सोनं गहाण टाकण्याआधी विचारा, माझं नाव कुठे आहे? सोनं गेल्यावर विचारून उपयोग नसतो.

मी भावजयीला तेच सांगितलं. ती गप्प बसली. म्हणाली, "घरात भांडण होईल." होईलच. मी तिला खोटा धीर दिला नाही. कागद मात्र तिनं सही न करताच घडी घालून पिशवीत ठेवले आणि घरी गेली.

परवा भावाचा फोन आला. आवाजात राग होता. म्हणाला, "तू माझ्या घरात काय लावून दिलंस?" मी म्हटलं, "आईच्या पाटल्या आठवतात का तुला?" तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "दोन नावं घालता येतात का, चौकशी करतो."

अजून काही झालेलं नाही. अंगणात कणा तेवढा मांडून झाला आहे. भावजयीनं कापूस आणला आहे, पण वाती वळायला अजून घेतलेल्या नाहीत.