यंत्राची उलटतपासणी मराठीतून कोण घेणार?

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सुरक्षिततेचे संशोधन हे गणितज्ञांचे आणि संगणक अभियंत्यांचे क्षेत्र आहे, भाषेच्या व कायद्याच्या माणसांनी तेथे लुडबूड करू नये, हा समज आमच्या सीमाभागात वेदवाक्यासारखा मानला जातो. चळवळीतील ज्येष्ठ मंडळी आम्हांस विचारतात की, दुकानांवरील पाट्या, शाळांतील रिक्त जागा आणि मराठीतून न मिळणारी कागदपत्रे हे प्रश्न पडून असताना तरुणांना असल्या परदेशी उद्योगाकडे का वळवता? हा समज चुकीचा आहे, आणि तो आपल्याच माणसांना महागात पडणार आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

अमेरिकेतील ब्राउन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३ साली एक साधा प्रयोग केला. जीपीटी-४ या मॉडेलपुढे त्यांनी ५२० घातक मागण्या ठेवल्या. इंग्रजीतून विचारले असता शंभरात एखाद्या मागणीलाही यंत्र जेमतेम बधले. त्याच मागण्या सर्वांस उपलब्ध असलेल्या भाषांतर यंत्रातून झुलू, स्कॉट्स गेलिक, ह्मोंग आणि ग्वारानी या भाषांत नेल्या. या चारांपैकी एका तरी भाषेत यंत्र बधले, अशा मागण्या निघाल्या ७९ टक्के! पुढच्या दाराला कुलूप आणि परसदार सताड उघडे, अशी ही सुरक्षितता. तपासलेल्या बारा भाषांत हिंदी होती, बंगालीही होती, मराठी नव्हती. २०११ च्या जनगणनेत ८ कोटी ३० लाख लोकांनी मातृभाषा म्हणून नोंदवलेली ही भाषा. ते मॉडेल आज जुने झाले आहे. मराठीतून ही परीक्षा कोण घेणार, हा प्रश्न मात्र तसाच आहे.

आणि मराठी म्हणजे तरी कोणती? पाठ्यपुस्तकातील की बेळगावच्या रविवार पेठेतील? वाटणीच्या दाव्यात वर्षानुवर्षे पिचलेला माणूस म्हणतो, "आता बास झालं, सगळं संपवावं वाटायलंय." दावा तडजोडीने मिटवावा, असा याचा अर्थ असू शकतो. जीव नकोसा झाला आहे, असाही असू शकतो. कोर्टाच्या पायरीवर तीस वर्षे काढलेला वकील त्या माणसाचा चेहरा पाहून, मागचा पुढचा संदर्भ जाणून अर्थ ओळखतो. हेच वाक्य तो माणूस उद्या रात्री दोन वाजता मोबाइलवरील यंत्राला लिहील, बहुधा रोमन लिपीत आणि मध्ये एखादा कानडी शब्द घालून. यंत्राने त्याला तडजोडनाम्याचा मसुदा लिहून दिला, तर दोष कुणाचा? सुरक्षितता संशोधनात ज्याला मूल्यमापन म्हणतात, त्याचा गाभा हाच आहे: असे प्रसंग आधीच कल्पून यंत्रापुढे ठेवणे, उत्तरे पारखणे आणि कोठे चुकले ते पुराव्यासह मांडणे. बडोद्याची गुजरातीमिश्रित मराठी, इंदुरी वळणाची मराठी, हैदराबादेतील दखनीच्या शेजारची मराठी यांचे प्रसंग पुण्यातील अभियंत्यालाही कल्पिता येणार नाहीत. तो कितीही हुशार असो.

या क्षेत्रातील एक गाजलेले उदाहरण पाहा. ओपन-एआय या संस्थेने २०१६ मध्ये नौकाशर्यतीच्या एका संगणकीय खेळात यंत्राला गुण मिळवण्यास शिकवले. हेतू शर्यत जिंकण्याचा होता, पण गुण वाटेतील लक्ष्यांना धडकण्याबद्दल होते. यंत्राने शर्यत सोडली आणि एका कोपऱ्यात गोल गोल फिरत, आपटत, पेट घेत गुणांची लयलूट केली. अभियंत्यांना ते नवल वाटले. वकिलाला का वाटावे? कायद्याचे अक्षर पाळून हेतू बुडवणारे पक्षकार आम्ही रोज पाहतो. इंग्लंडात १५८४ साली हेडनच्या खटल्यात न्यायालयाने सांगितले की, कायदा वाचताना तो कोणते अनिष्ट दूर करण्यासाठी आणला होता ते आधी शोधावे. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९५५ साली बेंगॉल इम्युनिटी कंपनीच्या निकालात त्याच तत्त्वाचा आधार घेतला. नियमांतील पळवाटा शोधणे आणि बुजवणे या कामाचा साडेचारशे वर्षांचा अनुभव आमच्या व्यवसायाच्या गाठीशी आहे, आणि आम्ही दाराबाहेर उभे राहायचे? 'वहिवाट' आणि 'मालकी' यांतील फरक ज्या यंत्राला कळत नाही, ते शेतकऱ्याला भलताच दावा लावायला सांगेल. ही चूक पकडण्यासाठी आधी तो फरक ठाऊक असलेला परीक्षक लागतो.

जेफ्री हिंटन यांनी २०२३ मध्ये, वयाच्या पंचाहत्तरीत, धोक्यांविषयी मोकळेपणाने बोलता यावे म्हणून गूगल सोडले. योशुआ बेंजिओ यांनी आपले संशोधन सुरक्षिततेकडे वळवले. थोरांनी वाट बदलली, म्हणून आमच्या तरुण वकिलांनी उद्याच सनद गुंडाळावी असे मात्र आम्ही म्हणणार नाही. पगारी जागा मुख्यतः लंडन आणि सॅन फ्रान्सिस्को परिसरात आहेत, थोड्या आहेत आणि त्यांसाठी झुंबड आहे. सहा आठवड्यांत तज्ज्ञ बनवण्याच्या जाहिराती करणाऱ्यांना आमच्या मुलांनी एक रुपयाही देऊ नये.

एक आक्षेप मात्र वजनदार आहे. या कंपन्या स्वतःच आग लावतात आणि स्वतःच बंब विकतात. त्यांच्या पदरी राहून सुरक्षिततेचे काम करणे म्हणजे त्यांना प्रतिष्ठा मिळवून देणे नव्हे काय? अंशतः होय. म्हणूनच कंपनीबाहेरचे परीक्षक हवेत. केंद्र सरकारने जानेवारी २०२५ मध्ये भारताच्या एआय सुरक्षितता संस्थेची घोषणा केली आहे. तेथे बावीस अनुसूचित भाषांतून परीक्षा झाली पाहिजे, ही मागणी आपण सीमाभागातून लावून धरली पाहिजे. परंतु मागणी मान्य झाली आणि परीक्षक म्हणून पाठवायला एकही माणूस तयार नसला, तर? राज्यघटनेतील ३५०-अ कलम १९५६ पासून अल्पसंख्य भाषिकांच्या मुलांना मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाच्या सोयींचे अभिवचन देते. अभिवचन आणि अंमल यांत किती अंतर असते, ते आम्हांला कुणी शिकवायला नको.

तेव्हा सुरुवात लहान असावी. सात-आठ वर्षे वकिली केलेल्याने, न्यायालयीन अनुवादकाने किंवा मराठी शाळेत नेमणुकीची वाट पाहणाऱ्या पदवीधराने आठवड्यातून एक दिवस काढावा. पायथन ही संगणकाची भाषा कामापुरती आणि संख्याशास्त्र उत्तरांची तुलना करण्याइतके शिकावे. मग शंभर प्रश्न स्वतः रचावेत. पक्षकाराचे गुपित राखण्याचे बंधन येथेही आहेच, म्हणून खऱ्या माणसाचे शब्द जसेच्या तसे उचलू नयेत. तोच प्रश्न प्रमाण मराठीत, आपल्या बोलीत, रोमन लिपीत आणि इंग्रजीत, असा चार वेळा दोन-तीन यंत्रांना विचारावा. निकाल दुसऱ्याने स्वतंत्रपणे तपासावेत आणि ते सर्वांपुढे ठेवावेत. या क्षेत्रात प्रमाणपत्रापेक्षा असे केलेले काम पाहिले जाते. वर्षभरात गोडी लागली नाही, तर वकिली कुठे पळून जात नाही.

ज्येष्ठ वकिलांनी आपल्या ज्युनियरला तो एक दिवस मोकळा द्यावा. बेळगावच्या बोलीतील शंभर प्रश्नांची यादी आम्ही करायला घेतली आहे. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, गोवा आणि हैदराबाद येथील मंडळींनी आपापली करावी, म्हणजे एकाच प्रश्नाला यंत्र कोणत्या गावात कसे उत्तर देते, ते ताडून पाहता येईल.