कमी गुण कोणाला माफ?

अमेरिकेतील नामांकित विद्यापीठांत प्रवेशासाठी ‘एसएटी’ ही परीक्षा सक्तीची असावी की नसावी, या वादाने तेथील शिक्षणक्षेत्र ढवळून निघाले आहे. २०२० साली कोरोनाच्या साथीत परीक्षा केंद्रे बंद पडली आणि बहुतेक नामांकित संस्थांनी गुण कळविणे ऐच्छिक केले. पुढे २०२२ मध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीने, तर २०२४ मध्ये डार्टमथ, ब्राऊन व हार्वर्ड यांनी सक्ती पुन्हा लागू केली. दोन्ही पक्ष गरीब विद्यार्थ्यांच्याच नावाने बोलतात. पण कमी गुण नेमके कोणाला नडतात आणि कोणाला माफ होतात, हा मूळ प्रश्न बाजूलाच राहतो.

या परीक्षेचा जन्म निष्पाप नाही. १९२६ साली ती प्रथम घेतली गेली. तिचे जनक कार्ल ब्रिगहॅम यांनी १९२३ च्या आपल्या ग्रंथात ‘नॉर्डिक’ वंशाच्या बौद्धिक श्रेष्ठत्वाचा सिद्धान्त मांडला होता. १९३० मध्ये त्यांना स्वतःलाच तो मागे घ्यावा लागला. सिद्धान्त गेला, परीक्षा राहिली.

मग ती रद्द झाली की न्याय झाला काय? डार्टमथचा अनुभव उद्बोधक आहे. १६०० पैकी १४०० च्या आसपास गुण मिळविलेल्या अनेक गरीब विद्यार्थ्यांनी, आपले गुण या संस्थेच्या मानाने कमी आहेत अशा समजुतीने, ते कळविलेच नाहीत. वस्तुतः साधनहीन शाळेतून आलेल्या विद्यार्थ्याचे तेवढे गुण संस्थेने त्याच्या बाजूनेच धरले असते. धनिकाच्या मुलाला गुण केव्हा दाखवावेत आणि केव्हा झाकावेत हे सांगायला पगारी सल्लागार असतो. कामगाराच्या मुलीला कोण सांगणार? ‘ऐच्छिक’ या गोंडस शब्दाचा लाभही अखेर माहीतगारालाच मिळतो.

धनिकांच्या कमी गुणांची कथा वेगळी आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अर्थशास्त्रज्ञांच्या एका पाहणीने बारा अग्रगण्य खाजगी विद्यापीठांचे पितळ उघडे पाडले. सारखेच गुण असले तरी सर्वांत श्रीमंत एक टक्का कुटुंबांतील मुलांना तेथे स्थान मिळण्याची शक्यता मध्यमवर्गीय मुलांच्या दुपटीहून अधिक असते. याची मुख्य कारणे तीन : माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना मिळणारे झुकते माप, खेळाडूंसाठीच्या जागा आणि महागड्या खाजगी शाळांच्या जोरावर मिळणारे ‘व्यक्तिमत्त्वा’चे गुण. २०१९ मध्ये लाच देऊन प्रवेश मिळविणारे पालक पकडले गेले, तेव्हा मोठा गहजब झाला. पण ते मागील दाराने आले होते. वारशाचे दार कायदेशीर आहे! जून २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वंशाचा विचार करून दिले जाणारे प्रवेश बेकायदा ठरविले. वारशाच्या सवलतीला मात्र त्या निकालाचा स्पर्शही झाला नाही. गुणवत्तेचा जयघोष करणाऱ्यांची गुणवत्ता ती हीच.

हा मूठभर जागांचा किरकोळ तंटा नव्हे. या बारा विद्यापीठांत अर्धा टक्का अमेरिकनही शिकत नाहीत. तरी सिनेटचे सुमारे एक चतुर्थांश सदस्य त्यांतूनच येतात. येथील प्रवेश म्हणजे सत्तेच्या दालनाचा परवाना होय.

भारतातील वाचकाला हे चित्र परके वाटू नये. २०२२ पासून आपल्या केंद्रीय विद्यापीठांतही पदवी प्रवेशासाठी सामायिक परीक्षा आली आणि तिच्यामागोमाग शिकवण्यांची दुकानेही. जो शिकवणीचे शुल्क भरू शकत नाही, त्याचे गुण घटतात आणि त्यालाच ‘अपात्र’ हा शिक्का बसतो.

म्हणून मागणी केवळ परीक्षा ठेवण्याची वा काढण्याची असू शकत नाही. गुण विद्यार्थ्याच्या परिस्थितीसह वाचले जावेत, पैशाची आणि वारशाची सवलत समूळ बंद व्हावी आणि सार्वजनिक शिक्षणसंस्थांतील जागा व निधी वाढावा, यासाठीच लढा हवा. गुणपत्रिका विद्यार्थी किती चालला ते सांगते. त्याने कोठून चालायला सुरुवात केली, हे ती सांगत नाही.