तळ्यावर वसलेले उपनगर

चेन्नईतील पश्चिम मांबलममध्ये 'लेक व्ह्यू रोड' आहे. तेथून तळे मात्र दिसत नाही. १९२० च्या नगररचना कायद्यानंतर मद्रासच्या वाढत्या लोकवस्तीसाठी 'लाँग टँक' हा विस्तीर्ण तलाव बुजवून त्यागराय नगर वसविण्यात आले. पनगल पार्क व त्याभोवतीचे आखीव रस्ते पाहिले की त्या नियोजकांचे कौतुकच वाटते. परंतु दप्तरातील 'तलाव' ही नोंद बदलून 'निवासी' केली की पाणीही ती वाचते, अशी आम्हा अधिकाऱ्यांची (मीही त्यातलाच) समजूत असते. २०१५ आणि २०२१ च्या पावसात पाणी या भागात शिरलेच. नव्या वसाहतीच्या प्रस्तावास तेथील जुन्या जलाशयांचा नकाशा जोडल्याखेरीज मंजुरी देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.